चाळीस ओळींच्या फाईलमागची तीस वर्षं

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत करणाऱ्या एका पेढीचा हिशेबाचा प्रोग्रॅम पेढीतल्याच एका छोट्या कॉम्प्युटरवर चालतो. मालकांना, म्हणजे आमच्या अण्णांना, तो विश्रामबागेतल्या घरी बसून बघायचा होता. मी डोमेन, म्हणजे वेबवरचं नाव, घेतलं, दारात उभा राहणारा इंजिनएक्स नावाचा प्रोग्रॅम बसवला, कुलपासाठी सर्टिफिकेट आणलं आणि इंजिनएक्सने काय करायचं ते सांगणारी चाळीस ओळींची एक फाईल लिहिली. अण्णांनी ती स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत पाहिली आणि विचारलं, "प्रोग्रॅम आत आहे, मी बाहेर आहे. मग मध्ये हा कोण रे?"

"मध्ये तुम्हीच आहात, अण्णा," मी म्हणालो. "अडत्या."

त्यांना ते लगेच पटलं. खरेदीदार शेतकऱ्याच्या घरी जात नाही. माल अडत्याच्या दुकानापुढे उतरतो, बोली तिथेच लागते, पट्टीही तिथूनच निघते. इंजिनएक्स इथे ज्या कामाला लावलाय त्याला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात, आणि ती नेमकं हेच करते. बाहेरचा ब्राउझर तिच्याशीच बोलतो, ती आतल्या प्रोग्रॅमकडून माल आणून देते, आणि तो प्रोग्रॅम कुठल्या खोलीत कुठल्या पोर्टवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या कुठल्या क्रमांकाच्या दारावर, बसलाय हे बाहेर कुणाला कळत नाही. एसएसएलचं, म्हणजे मधल्या वाटेत कुणी वाचू नये म्हणून लावायचं, कुलूपही तिच्याच दारावर असतं. आत सगळं उघडं चालतं.

ती फाईल मी एका दुपारात लिहिली, पण तिच्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ कुणाच्या तरी जुन्या अडचणीतून आलेली आहे. इंटरनेटवरून उतरवून घेताना हे लक्षात येत नाही. काही बिघडलं की मग एकेका ओळीचं मूळ शोधावं लागतं.

गंमत म्हणजे हा मध्यस्थ सुरुवातीला दुसऱ्या बाजूचा होता. १९९४ मध्ये सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेचा आरी लुओटोनेन आणि इंटेलचा केव्हिन आल्टिस यांनी वेबसाठीच्या प्रॉक्सीवर निबंध लिहिला. तेव्हा अडचण आत बसलेल्यांची होती. संस्थेच्या फायरवॉलमुळे त्यांना थेट बाहेर जाता येत नव्हतं, म्हणून दारात एक यंत्र बसवायचं, त्याने बाहेरची पानं आणून द्यायची आणि जमलं तर एक प्रत स्वतःकडे ठेवायची. म्हणजे हा खरेदीदाराचा दलाल झाला. त्याला नुसतं 'प्रॉक्सी' म्हणायचे. तोच माणूस विकणाऱ्याच्या बाजूने उभा केला की तो 'रिव्हर्स'. उलटं काय झालं असेल तर एवढंच, की तो कुणाची चाकरी करतो.

हे उलटं करायचं कारणही सुरक्षिततेचं नव्हतं. हार्वेस्ट नावाच्या संशोधन प्रकल्पातल्या कॅशेला, म्हणजे पानांच्या प्रती ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला, सर्व्हरच्या पुढे उभं करून त्याचा भार हलका करायची सोय होती, आणि १९९६ मध्ये त्यातूनच निघालेल्या स्क्विडने ती पुढे चालवली. तेव्हा तिचं नाव होतं 'ॲक्सिलरेटर'. एकच पान हजार जण मागत असतील तर आतल्या बिचाऱ्या सर्व्हरला हजारदा का उठवायचं, इतका साधा विचार. त्याच वर्षी अपाचे या वेब सर्व्हरच्या १.१ आवृत्तीत 'प्रॉक्सी पास' ही ओळ आली. आज इंजिनएक्समध्ये लिहितो तिचं नावसुद्धा तेच आहे.

पुढची अडचण, थोडं लाजत सांगायचं तर, आमच्यासारख्यांनी निर्माण केली. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं ते फोनच्या तारेवरून कुईकुई करत यायचं. एक फोटो वरून खाली उलगडेपर्यंत चहा होऊन जायचा. इकडे आपण वैतागायचो, पण तिकडे सर्व्हरचे काय हाल होते ते आपल्याला दिसत नव्हतं. अपाचेची तेव्हाची नेहमीची रीत अशी, की एका जोडणीला एक प्रोसेस. पान तयार करायला लागायचा क्षणभर, पण मॉडेमवाल्याच्या घशाखाली ते थेंबथेंब उतरेपर्यंत ती प्रोसेस मेमरी अडवून बसायची. असे काहीशे संथ गिऱ्हाईक एकदम आले की काम काहीच नसताना सर्व्हर आडवा.

१९९९ मध्ये डॅन केगल याने या दुखण्याला नाव दिलं, 'सी-टेन-के'. एका यंत्राने एका वेळी दहा हजार जोडण्या का सांभाळू नयेत, हा त्याचा प्रश्न. रशियातल्या रॅम्बलर या पोर्टलमध्ये काम करणारा इगोर सिसोएव्ह २००२ पासून त्याच्यावर राबत होता. ४ ऑक्टोबर २००४ ला त्याने आपला प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला केला, तोच इंजिनएक्स. त्याच्यात मोजक्याच प्रोसेस असतात. एकेक प्रोसेस हजारो जोडण्यांवर नजर ठेवते आणि जिथे हालचाल होईल तिथेच हात घालते.

पण मला त्याची खरी हुशारी दुसऱ्या गोष्टीत वाटते. आतल्या प्रोग्रॅमचं उत्तर तो झटक्यात पुरतं उतरवून घेतो, त्याला मोकळं करतो, आणि मग बाहेरच्या संथ गिऱ्हाईकाला सवडीने देत बसतो. अण्णांच्या भाषेत, गाडी रिकामी करून शेतकऱ्याला दुपारच्या एसटीने गावी पाठवायचं, खरेदीदार माल कधी का उचलेना. हिशेबाचे, फोटोंचे, दस्तऐवजांचे घरगुती प्रोग्रॅम आजही एका वेळी थोडीच माणसं सांभाळू शकतात, त्यामुळे ही सोय अजून कामाची आहे. याच सुमारास फ्रान्समधल्या विली टारो याचा एचएप्रॉक्सीही आला. तो नुसता वाटप करणारा, आणि त्या कामात फार पक्का. पण त्याला स्वतःचं एसएसएल यायला २०१४ उजाडलं. तोवर त्याच्यापुढे कुलपासाठी आणखी एक प्रोग्रॅम उभा करावा लागे.

आता फाईलमधली 'सर्व्हर नेम'ची ओळ. ही समजायला गावभागातला जुना वाडा आठवावा. रस्त्यावर एकच दार, त्यावर एकच नंबर, आत बारा बिऱ्हाडं. पत्रावर नुसता वाड्याचा नंबर असेल तर पोस्टमनने ते कुणाला द्यायचं? वेबची सुरुवातीची बोली अशीच होती. ब्राउझर पत्त्यावर पोचायचा आणि म्हणायचा 'ते पान द्या'. कुणाच्या घरातलं ते सांगायचाच नाही. त्यामुळे प्रत्येक साइटला वेगळा आयपी पत्ता लागे. जानेवारी १९९७ मध्ये या बोलीच्या, म्हणजे एचटीटीपीच्या, १.१ आवृत्तीची पहिली प्रत आली आणि 'होस्ट' ही ओळ सक्तीची झाली. पत्रावर बिऱ्हाडाचं नाव आलं, एका पत्त्यावर कितीही साइट राहायला लागल्या.

पण कुलूप लावलं की पुन्हा तोच घोळ. नाव पाकिटाच्या आत, पाकीट कुलूपबंद, आणि ते उघडायला कुठल्या बिऱ्हाडाची किल्ली वापरायची हे नाव वाचल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून एसएसएल हवं असेल तर पुन्हा साइटमागे एक आयपी. यावरचा तोडगा जून २००३ मध्येच लिहून झाला होता. त्याला एसएनआय म्हणतात. ब्राउझरने कुलूप लावायच्या आधी, अगदी पहिल्या नमस्कारातच, कुणाकडे जायचंय ते उघडपणे सांगायचं. तोडगा तयार, पण विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला तो कधीच आला नाही, आणि एक्सपी तर प्रत्येक दुकानात, प्रत्येक नेट कॅफेत. मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल थांबवली ८ एप्रिल २०१४ ला. म्हणजे कागदावर उत्तर असूनही जवळजवळ अकरा वर्षं लोक एकेका सर्टिफिकेटसाठी वेगळा पत्ता विकत घेत राहिले. आज एका दारामागे फोटो, हिशेब, घरातले दिवे-पंखे असं सगळं वेगवेगळ्या नावांनी ठेवता येतं, ते एक्सपी गेला म्हणून.

कुलूप स्वतः मात्र त्याहून जुनं. नेटस्केपला ब्राउझरमधून खरेदी-विक्री होऊ द्यायची होती. एसएसएलची पहिली आवृत्ती कंपनीच्या बाहेर पडलीच नाही, दुसरी १९९५ मध्ये आली आणि तिच्यात ठिकठिकाणी भोकं निघाली. १९९६ च्या तिसरीने तग धरला. पुढे प्रमाण ठरवताना नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्टच्या मानपानात नाव बदललं आणि १९९९ मध्ये टीएलएस १.० जाहीर झालं. खरं तर एसएसएल तेव्हाच संपायला हवं होतं, पण नाव जिभेवर बसलं ते बसलं. २०१४ मध्ये पूडल नावाच्या हल्ल्याने एसएसएल ३ मोडीत काढलं, पुढच्या वर्षी ते वापरू नये असं अधिकृतपणे लिहिलं गेलं, २०२१ मध्ये टीएलएस १.० आणि १.१ सुद्धा गेले. सध्या चालतात २००८ ची १.२ आणि २०१८ ची १.३. आपण सगळे अजून 'एसएसएल लावलंय' असंच म्हणतो, मीही.

कुलपाचं गणित कितीही पक्कं असलं तरी दारावरची पाटी खरी कशावरून, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी सर्टिफिकेट, आणि ते देणाऱ्या संस्था. बरीच वर्षं हा धंदा शेकडो डॉलरचा होता, दर वर्षी नूतनीकरण वेगळं. बँकेला ते परवडे. घरी चार फोटो ठेवणाऱ्याने स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट लावायचं आणि ब्राउझर घाबरवायला लागला की 'तरीही पुढे जा' दाबायचं. ती सवय वाईट होती. खरा धोका आणि रोजची कटकट यांत फरकच राहिला नाही.

मग एकापाठोपाठ एक तडाखे बसले. ऑक्टोबर २०१० मध्ये फायरशीप नावाची, फायरफॉक्स ब्राउझरला लावायची छोटीशी पुरवणी आली. कॅफेच्या उघड्या वायफायवर शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं फेसबुक एका क्लिकवर आपल्यासमोर. २०११ मध्ये नेदरलँड्समधली डिजिनोटार ही सर्टिफिकेट देणारी कंपनी फोडली गेली, तिच्या नावाने पाचशेच्या वर खोटी सर्टिफिकेटं निघाली, गुगलच्या नावाचं एक इराणमधल्या लोकांवर वापरलं गेलं, आणि कंपनीचं दिवाळं निघालं. आपणही यातून सुटलो नाही. जुलै २०१४ मध्ये गुगलला आपल्याच डोमेनची अशी सर्टिफिकेटं सापडली जी त्यांनी मागितलीच नव्हती; ती निघाली होती भारताच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या अधिकारातून. मधल्या काळात, २०१३ च्या जूनपासून, अमेरिकी सरकारच्या इंटरनेटवरच्या पाळतीबद्दल स्नोडेनने बाहेर काढलेले कागद रोज छापून येत होतेच.

उत्तरं दोन निघाली. एक म्हणजे सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सी. दिलेलं प्रत्येक सर्टिफिकेट सर्वांना वाचता येईल अशा वहीत नोंदवायचं. क्रोमने एप्रिल २०१८ पासून ही सक्ती केली. कल्पना फार चांगली, पण घरच्या सर्व्हरवाल्याला तिचा अर्थ उशिरा कळतो. पेढीचं पहिलं सर्टिफिकेट मिळालं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मी लॉग, म्हणजे दारावर कोण काय मागतंय याची नोंद, उघडून बसलो. अण्णा झोपले होते, ते नाव मी कुणालाही सांगितलं नव्हतं. पाच मिनिटांच्या आत कुणीतरी वर्डप्रेसचं लॉगिन पान मागितलं. मग पासवर्डच्या फाईलीची चौकशी. मग आणखी कुणी. वहीत नाव पडलं की वही वाचत बसलेली यंत्रं दार खटखटवून जातात. नाव लपवायचं असेल तर तारांकित, म्हणजे वाइल्डकार्ड, सर्टिफिकेट घ्यावं. मग वहीत नुसतं मुख्य डोमेन दिसतं, बिऱ्हाडांची नावं दिसत नाहीत.

दुसरं उत्तर लेट्स एन्क्रिप्ट, म्हणजे फुकट सर्टिफिकेट देणारी सेवा, आणि माझ्या मते घरच्या सर्व्हरच्या कथेतलं खरं वळण हेच. मोझिला, डिजिटल हक्कांसाठी झटणारी ईएफएफ, मिशिगन विद्यापीठ, सिस्को आणि अकामाई यांनी मिळून ते उभं केलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये घोषणा, सप्टेंबर २०१५ मध्ये पहिलं सर्टिफिकेट, ३ डिसेंबर २०१५ पासून सर्वांना खुलं. पैसे नाहीत, फॉर्म नाही, माणूस नाही. यंत्र यंत्राला विचारतं, 'हे नाव तुझं असेल तर या ठिकाणी ही चिठ्ठी ठेवून दाखव.' चिठ्ठी दिसली की सर्टिफिकेट. अर्थात त्यातून सिद्ध होतं ते फक्त नाव. आतला माणूस सज्जन आहे याची हमी त्या कुलपाने कधीच दिली नव्हती. शेकडो डॉलरच्या काळातही नाही.

त्याच २०१५ मध्ये मॅट होल्टचा कॅडी हा इंजिनएक्ससारखाच प्रोग्रॅम आला. सर्टिफिकेट आणणं, लावणं, बदलणं हे काम त्याने प्रॉक्सीच्याच गळ्यात घातलं. तिथे माझ्या चाळीस ओळींच्या जागी तीन पुरतात. मी इंजिनएक्सलाच का चिकटलो याचं प्रामाणिक उत्तर सवय हे आहे.

मोफत सर्टिफिकेटची मुदत मुद्दाम ९० दिवस ठेवली होती. किल्ली चोरीला गेली तर नुकसान थोडं, आणि मुदत इतकी कमी की माणसाने हाताने करण्याचा नाद सोडून यंत्रावर टाकावं. याचा धडा मला पेढीवर मिळाला. राउटरवरचं पोर्ट ८० मी एका रविवारी बंद केलं. सगळं ४४३ वर, म्हणजे कुलूपवाल्या दारावर, चालतंय, उगाच दुसरं, बिनकुलपाचं दार कशाला उघडं, असा माझा शहाणपणा. चिठ्ठी तपासायला येणारा मात्र ८० वरच येतो. सर्टिफिकेट आपोआप बदलणारा माझा सर्टबॉट हा प्रोग्रॅम शेवटचे तीस दिवस रोज प्रयत्न करत होता, रोज हरत होता आणि लॉगमध्ये लिहून ठेवत होता. मी लॉग बघत नव्हतो. सूचनेच्या ईमेल जुन्या, कुणी न उघडणाऱ्या खात्यावर जात होत्या. आणि ऐन हळदीच्या हंगामात सकाळी साडेनऊला दिवाणजींचा फोन: "साहेब, ते कुलूप लाल झालंय आणि आत जाऊ देत नाही. बाहेर सौदे सुरू झालेत." पोर्ट उघडणं, एक आज्ञा देणं, इंजिनएक्स पुन्हा वाचायला लावणं, सगळं मिळून चार मिनिटांचं काम. दिवाणजींनी मात्र त्या दिवसापासून टेबलावरच्या कॅलेंडरवर तारीख लिहायला सुरुवात केली. आता ती सवय यंत्रालाच लावावी लागणार आहे, कारण ब्राउझर आणि सर्टिफिकेटवाल्यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवल्याप्रमाणे कुठल्याही सर्टिफिकेटची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने उतरत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येईल.

बाकीच्या ओळी भराभर. 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर', म्हणजे खरं गिऱ्हाईक कुठल्या पत्त्यावरून आलंय ते आत कळवणारी ओळ, ही स्क्विडची देणगी. ती नसेल तर आतल्या प्रोग्रॅमला प्रत्येक गिऱ्हाईक म्हणजे अडत्याच वाटतो. कुणी चार वेळा चुकीचा पासवर्ड टाकला तर तो अडत्यालाच हाकलतो आणि सगळी पेढी बाहेर. 'अपग्रेड'च्या दोन ओळी वेबसॉकेटसाठी, म्हणजे ब्राउझर आणि प्रोग्रॅम यांच्यातल्या उघड्या राहणाऱ्या दुतर्फा जोडणीसाठी; ते प्रमाण डिसेंबर २०११ चं, इंजिनएक्सला ते पुढे पाठवता आलं २०१३ मध्ये. आणि मजकुराच्या आकाराची मर्यादा: इंजिनएक्स न सांगता १ एमबी धरतो, जी फोनवरच्या एका फोटोलाही पुरत नाही. '४१३' असा आकडा दिसला की दोष प्रोग्रॅमचा नाही, दारातल्याचा.

पेढीला महिन्याला जास्तीचे पैसे मोजून कायमचा आयपी मिळाला आहे. माझ्या घरी तो नाही, आणि त्यामागेही एक इतिहास आहे. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत सगळे मिळून ४,२९,४९,६७,२९६ पत्ते. जगाच्या कोठारातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपले, आशिया-पॅसिफिकची कोठी त्याच वर्षी १५ एप्रिलला तळाला लागली. आपल्याकडे घरोघरी आणि हातोहाती इंटरनेट पोचलं ते त्यानंतर. तोवर वाड्याच्या दारावर लावायला नंबर उरला नव्हता, म्हणून कंपन्यांनी गल्लीलाच एक नंबर दिला. राउटरमध्ये पत्ता १००.६४ ने सुरू होत असेल तर ओळखावं, आपण गल्लीच्या नंबरमागे आहोत. अशा वेळी पोर्ट उघडून काही होत नाही, कारण बाहेरचं दार आपलं नसतंच.

मग अडत्यालाच घराबाहेर न्यावं लागतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, गावभागातल्या आमच्या जुन्या घरातले अल्बम चिखलात गेले, तेव्हापासून घरचे फोटो स्कॅन करून मी विश्रामबागेतल्या एका यंत्रावर ठेवतो. ते यंत्र आतून बाहेर वायरगार्ड या प्रोग्रॅमने एक कुलूपबंद बोगदा काढतं, थेट भाड्याच्या एका छोट्या सर्व्हरपर्यंत, ज्याला खरा पत्ता आहे. मोठ्या कंपन्या असा बोगदा फुकटातही देतात. पण कुलूप जिथे उघडतं तिथला माणूस आतलं सगळं वाचू शकतो, आणि त्या फुकटच्या बोगद्यात ते त्यांच्याकडे उघडतं. मी म्हणून भाड्याच्या सर्व्हरला फक्त एसएनआयचं नाव वाचून पाकीट न फोडता पुढे ढकलायला सांगितलंय. किल्ली घरात, कपाटावरच्या डब्याएवढ्या यंत्रात.

पेढीच्या फाईलमध्ये आणखी दोन ओळी होत्या, वजनकाट्याशेजारच्या जुन्या कॉम्प्युटरच्या लाडासाठी. त्याचा ब्राउझर टीएलएस १.० च्या पुढचं बोलतच नव्हता. "चालतोय ना, मग चालू दे," अण्णा म्हणायचे. दिवाळीच्या पाडव्याला वह्यांच्या पूजेनंतर तो भंगारात गेला. संध्याकाळी मी त्या दोन ओळी खोडल्या आणि इंजिनएक्सला फाईल पुन्हा वाचायला लावली. आता अडतीस.